एकशे सत्तावीसच्या पुढे

सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, धम्मशीलाला नावानं कुणी ओळखत नाही. तिथं ती बोर्डवाली बाई. बापानं एवढं देखणं नाव हौसेनं ठेवलं, पण मोंढ्याला त्याचं काय पडलंय? मोंढ्यात माणूस म्हणजे त्याचा धंदा. मागच्या गल्लीत, वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर तिची एक खोली आहे. तिथं बसून ती गिरण्यांसाठी, पाण्याच्या पंपांसाठी, अंडी उबवायच्या पेट्यांसाठी छोटे बोर्ड बनवते. किती तापलं ते मोजायचं आणि त्याप्रमाणं पंखा नाहीतर मोटर चालवायची, एवढंच त्या बोर्डाचं काम. तारा जोडायच्या तिनंच आणि आतला प्रोग्रामही लिहायचा तिनंच. परभणीला डिप्लोमा केला, पुण्यात एका कंपनीत तीन वर्षं काढली आणि परत आली. का आलीस म्हणून विचारलं तर 'आले' एवढंच सांगते, तेव्हा आपणही फार खोदू नये.

मूळची ती पिंगळीची. वडील सूर्यभान गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. गुरुजींचा खाक्या असा की उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या गाळल्या तर मार्क शून्य. बेरीज वेगळ्या ओळीत पाहिजे, भागाकार वेगळ्या ओळीत पाहिजे. घरच्या पोरीलाही सूट नाही, उलट तिला दोन छड्या जास्त. पोरीच्या अंगात ते असं मुरलं की आज तिशी ओलांडली तरी एका ओळीत दोन कामं दिसली की तिला चैन पडत नाही.

तिचं पहिलं मोठं काम महारुद्रआप्पांच्या तेलगिरणीतलं. आप्पांकडं करडईचं तेल निघतं. बी घाण्यात जायच्या आधी एका मोठ्या लोखंडी पिंपात भाजतात. पिंपाखाली भट्टी, भट्टीत टरफलाचा जाळ आणि जाळाला वारा घालणारा पंखा. बावीस वर्षं ही भट्टी मुंजाजी सांभाळत होता, निव्वळ अंदाजानं. मुंजाजीही पिंगळीचाच. त्यानंच आप्पांकडं धम्मशीलासाठी शब्द टाकला. आप्पांनी तोंड वाकडं केलं. एक तर बाई माणूस आणि त्यात पिंगळीच्या भीमनगरातली. दुसरं कारण ते बोलले नाहीत, पहिलंच दोनदा बोलले. मुंजाजी म्हणाला, आमच्या गुरुजीची लेक हाय, काम बघा आन मग बोला.

मग आप्पांनी काम दिलं. पिंपाच्या दोन टोकांना दोन सेन्सर, दोन्हींची सरासरी काढायची. सरासरी एकशे दहाच्या खाली गेली की पंखा जोरात, वर गेली की हळू. एकशे चाळीस ओलांडलं की पंखा बंद आणि भोंगा चालू. पहिला हंगाम नीट पार पडला. एकदा एकशे एक्केचाळीसला भोंगा वाजला तेव्हा आप्पांनी मोंढ्यात चार लोकांना सांगितलं की आपली भट्टी आता स्वतःच बोलायलीय. मुंजाजीला त्यांनी ताकीद दिली की तू आता मध्ये हात घालायचा नाही, फक्त बोर्डाच्या डब्यावरच्या आकड्यावर नजर ठेवायची. मुंजाजीनं मान हलवली.

यंदा हंगामाच्या आधी धम्मशीलानं बोर्ड खोलीवर आणून साफ केला आणि त्या भरात प्रोग्रामही साफसूफ केला. सरासरीची एक लांबलचक ओळ होती, तिच्या दोन केल्या. आधी बेरीज, मग भागाकार. गुरुजी त्या दिवशी सेलूला आले होते, चष्मा सावरून ते पडद्याकडं बघत म्हणाले, आता कसं माणसानं लिहिल्यासारखं दिसतंय. मग तिनं भोंगा तपासला. खोलीत एकशे चाळीसपर्यंत कोण तापवणार? हद्द तेवढ्यापुरती साठवर आणली, एका सेन्सरला गरम हवा दिली, भोंगा वाजला, हद्द पुन्हा एकशे चाळीसवर नेऊन ठेवली. सगळेच असं करतात. बोर्ड गिरणीत बसला.

मार्चातल्या एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला पिंपानं पेट घेतला. पंखा पुऱ्या जोरात घोंघावत होता, भट्टीचा जाळ पिंपात शिरला, तेलकट बी भडकलं आणि झाकण उडून पत्र्याला लागलं. मुंजाजीनं मोठा खटका ओढून पंखा बंद केला, पण त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

धम्मशीला धावत गिरणीत गेली. बोर्ड दर अर्ध्या मिनिटाला आकडा टिपून ठेवतो, ते आकडे तिनं आप्पांना कागदावर उतरवून दिले. एकशे अठरा, एकवीस, चोवीस, सव्वीस, सत्तावीस आणि मग एकदम शून्य. आप्पांनी विचारलं, शून्य म्हणजे काय? तिनं जे खरं होतं तेच सांगितलं. सेन्सरच्या तारा निघाल्या की शून्य येतं. बस्स, एवढं एक वाक्य. ते आपण कुणाच्या गळ्यात बांधतोय हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही, आणि याचाच मला राग येतो, कारण धम्मशीला बोलण्याआधी दहादा विचार करणारी बाई आहे.

आप्पांना लगेच सगळं लख्ख दिसलं. मशीन तेच, गेल्या वर्षी बिनतक्रार चाललेलं. डबा आल्यापासून मुंजाजीचा मान गेला, भट्टीवर त्याला कुणी विचारीनासं झालं. तेव्हा त्यानंच तारा उपटल्या, मशीनला पिंप गार वाटलं, मशीननं पंखा सोडला. तारा आता जागेवर दिसत होत्या, पण परत खोचायला कितीसा वेळ लागतो? मुद्दाम केलं. शनिवारी दुपारी चारला ठाण्यात तक्रार द्यायची असं ठरलं आणि धम्मशीलाला निरोप आला की आपल्या छापील कागदावर लिहून सही करून आण, तारा काढलेल्या होत्या म्हणून. मुंजाजीनं दवाखान्यातून एवढंच कळवलं की म्या तारंला हात लावला न्हाई.

शनिवारी सकाळी ती कागद घेऊन बसली. काम नीट करायची सवय, म्हणून आकडे खाली उतरवायला लागली. शून्य. पुढचा आकडा एक. मग तीन, चार, सहा, आठ, नऊ, अकरा. खटका ओढेपर्यंतची नोंद तिथं संपली.

अकरावर तिचं पेन थांबलं. तारा निघाल्या तर शून्य येतं आणि शून्यच राहतं. उपटलेली तार तापत नाही. हा आकडा तर चढतोय. गुरुवारी गिरणीत सगळ्यांनी शून्य बघितलं आणि पुढचं बघायची कुणाला गरज वाटली नाही, तिलासुद्धा. तिनं प्रत्येक आकड्यात एकशे अठ्ठावीस मिळवून बघितले. एकशे अठ्ठावीस, एकोणतीस, एकतीस, बत्तीस. सत्तावीसच्या पुढं सरळ चाललेली रांग.

प्रोग्राम उघडला तर ती ओळ समोरच होती.

आता हे जरा समजून घ्यावं लागेल, पण घाबरू नका, दुसरीतल्या पोरालाही कळेल. ती वापरते त्या स्वस्त चिपमध्ये जागा कमी, म्हणून लहान आकडा ती लहान भांड्यात ठेवते. त्या भांड्यात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतच मावतं. एकेका सेन्सरला ते पुरून उरतं. गेल्या वर्षी तिनं एकाच ओळीत लिहिलं होतं, दोन्ही मिळवा आणि दोनानं भागा. असं एका दमात लिहिलं की प्रोग्रामची भाषा कुणाला न विचारता दोन्ही लहान आकडे आधी मोठ्या भांड्यात घेते. तिथंच बेरीज, तिथंच भागाकार, आणि उत्तर पुन्हा लहान झालं की ते लहान भांड्यात ठेवते. एकशे तीस आणि एकशे तीस, दोनशे साठ, भागिले दोन, एकशे तीस. यंदा तिनं पायऱ्या पाडल्या. बेरजेला स्वतःची ओळ दिली, स्वतःचं भांडं दिलं, आणि हाताच्या सवयीनं तेही लहानच दिलं. दोनशे साठ त्यात मावेना. मावत नाही म्हणून ते भांडं ओरडत नाही की सांडत नाही. जुन्या स्कूटरचं मीटर सगळे नऊ झाले की पुन्हा शून्यावर येतं, तसं दोनशे छप्पन्नाला ते शून्यावर येतं आणि पहिल्यापासून मोजायला लागतं. दोनशे साठाचे उरतात चार. भागिले दोन, दोन.

म्हणजे पिंप एकशे तीसवर आणि बोर्ड म्हणतोय दोन. दोन म्हणजे गारठलेलं. मग पंखा पुरा सोड. जितकं तापेल तितका वारा. आणि एकशे चाळीसचा भोंगा? तो जन्मात वाजणार नव्हता, कारण सरासरी आता एकशे सत्तावीसच्या पुढं जाऊच शकत नव्हती. खोलीत तपासताना एकच सेन्सर तापवला होता, दुसरा आपला पस्तिशीत निवांत बसलेला. बेरीज दोनशेच्याही वर गेली नाही. दुरुस्ती एका शब्दाची होती. बेरजेचं भांडं मोठं करायचं, झालं.

खोटं कशाला सांगू, तिच्या मनात वाईटही आलं. ही ओळ वाचू शकणारं सबंध सेलूत दुसरं कोण आहे? शब्द बदलायचा, आप्पांना सांगायचं की सेन्सर खराब होता, ना मुंजाजी अडकतो ना आपण. पण खराब सेन्सर निघाला तर तो खराब केला कुणी, हा प्रश्न पुन्हा मुंजाजीच्याच दारात जाणार होता. आणि खरं सांगितलं तर मोंढ्यात पुन्हा बोर्ड कोण घेणार? बाई माणूस, असं आता सगळे दोनदा म्हणणार होते, आणि मनात तिसऱ्यांदा दुसरं कारण. तिनं गुरुजींना फोन लावला. त्यांनी उचलला, काय गं म्हणाले, तर ही म्हणाली, काही नाही बाबा, जेवलात का? आणि ठेवून दिला.

एक वाजता ती गिरणीत पोचली. आप्पा ओसरीवर कागदाची वाट बघत बसले होते. तिनं सांगितलं की चूक मुंजाजीकाकांची नाही, माझी आहे, आणि मी सही करणार नाही. भांड्याचं, बेरजेचं सगळं सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गावकीची माणसं तुमी. त्यानं तुला काम दिलं, तू त्याला वाचवायलीस. एवढं तापलेलं पिंप अन् मशीन म्हणतंय दोन? मला येडं समजतीस काय?"

धम्मशीला म्हणाली, "बोर्डाला मी हात लावला नाही. जसा होता तसा आहे. तुमच्यासमोर पिंप तापवते. एकशे अठ्ठावीस आलं तर सही करते."

आप्पांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, कर.

बोलून गेली खरी, पण पिंपाच्या आत जळालेल्या तेलाचा थर तसाच होता. झाकण ठोकून सरळ केलेलं. एकशे अठ्ठावीसनंतर पंखा पुरा सुटणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या घडीला खटका ओढायला कुणीतरी भट्टीला लागून उभं राहायला पाहिजे. गडी मागं सरकले. गुरुवारचं झाकण सगळ्यांनी बघितलं होतं. ती म्हणाली मीच ओढते, पण आप्पा म्हणाले, तू डब्यापाशी दिसली पाहिजेस, नंतर हातचलाखी केली असं व्हायला नको. एवढ्यात फाटकातून मुंजाजी आला. दवाखान्यातून कुणाला न विचारता उठून आलेला, हात गळ्यात बांधलेला. चारच्या आत आप्पांच्या पायावर डोकं ठेवायला आला होता म्हणे, ठाण्याची पायरी चढायची नव्हती त्याला. काय चाललंय ते कळलं तसा तो खटक्यापाशी गेला आणि डावा हात वर करून उभा राहिला.

भट्टी पेटली. साठ, ऐंशी, शंभर. रिकामं पिंप, भराभर चढलं. एकशे दहाला पंखा मंदावला, पण टरफल कडक वाळलेलं, जाळ ऐकेना. एकशे अठरा. आप्पा चष्मा काढून पुसून पुन्हा लावून डब्याच्या जवळ आले. एकशे बावीस. जुनं तेल आतून तडतडायला लागलं आणि झाकणाच्या फटीतून धूर निघाला. कुणीतरी म्हणालं, बस करा आता. आप्पा म्हणाले, चालू द्या.

एकशे पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.

सत्तावीसवर आकडा थांबला आणि हलेना. त्या पाच-सात सेकंदांत धम्मशीलाला काय वाटलं ते तिनं पुढं एकाच माणसाला सांगितलं. तिला वाटलं, अठ्ठावीस यावं. आपण सकाळी चुकीचं वाचलं असावं, बोर्ड बरोबर निघावा, आपलं नाव राहावं. समोर तो माणूस एका हातानं खटका धरून उभा आणि हिच्या मनात हे. तिला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

आकडा बदलला. शून्य.

पंखा क्षणभर घुटमळला आणि मग गुरुवारसारखाच घोंघावत सुटला. भट्टीच्या तोंडातून हातभर जाळ बाहेर आला. मुंजाजीनं खटका ओढला, पण डाव्या हाताची ताकद कमी पडली, तो अर्ध्यावर अडकला. डब्यावर एक आलं, मग दोन. धम्मशीला धावली. दोघांनी मिळून अंगाचा भार टाकला तेव्हा खटका खाली बसला आणि पंखा गुरगुरत थांबला. झाकण हललं, पण जागेवर राहिलं. गड्यांनी भट्टीवर वाळू टाकली.

आप्पा डब्याकडंच बघत उभे होते. आकडा आता उलटा, दोनावरून एक आणि एकावरून शून्य, आणि मग अचानक एकशे सत्तावीस. ते त्यांनी बघितलं. गिरणीवाला माणूस, आकड्यांत केस पांढरे झालेले, त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही. खिशातली तक्रार त्यांनी काढली, तिच्या चार घड्या होत्या, आणखी दोन घातल्या आणि भट्टीत टाकली. मुंजाजीला म्हणाले, सोमवारपासून ये, हात बरा होईस्तोवर नुसता बस. धम्मशीलाकडं न बघता म्हणाले, हे काढून ने.

तिनं स्क्रूड्रायव्हर काढला आणि डबा उतरवायला लागली. दुरुस्ती एका शब्दाची आहे, हे ती बोलली नाही. कुठल्या तोंडानं बोलणार?

आप्पांच्या मनात मात्र एक गोष्ट राहिली होती. जाता जाता ते वळले आणि मुंजाजीला म्हणाले, "शून्य आल्यापासून खटका ओढेस्तोवर आठ आकडे हायत कागदावर. चार मिनटं. बावीस वर्षं भट्टीवर काढली तू. तुला करपल्याचा वास आला न्हाई?"

"आला की."

"मंग ओढला का न्हाईस?"

मुंजाजीनं धम्मशीलाकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्याला ते तिच्यासमोर बोलायचं नव्हतं, हे दिसतच होतं. पण आप्पा हटेनात.

"वास लय आला, आप्पा," तो म्हणाला. "पर डब्यावर शून्य, एक, तीन असं यायलं व्हतं. गुरुजीच्या लेकीनं लिव्हलेलं. ते कसं चुकंल? म्या म्हनलं, आता आपलंच नाक म्हातारं झालं."

धम्मशीलाच्या हातात शेवटचा स्क्रू होता. तो तिला पुढं बराच वेळ निघाला नाही.